वडाखाली पालथी नाव

फार जुनी गोष्ट आहे, नद्यांवर पूल नव्हते तेव्हाची. एका नदीच्या अलीकडे एक गाव होते आणि पलीकडे राजाची राजधानी. गावच्या घाटावर एका घराण्याची नाव चालायची. आधी सासऱ्याने चालवली, मग नवऱ्याने नावाडणीला जोडीला घेऊन आणि नवरा गेल्यावर तिने एकटीने. त्यांच्या दोराने घाटाच्या दगडाला बोटभर खोल खाच पडली होती.

नवरा जाऊन वर्ष होत नाही तोच लाकडाच्या एका व्यापाऱ्याने तिथे आपली मोठी नाव आणून बांधली. "घाट माझा आहे," तो म्हणाला. भांडण गावच्या न्यायाधीशाकडे गेले. व्यापाऱ्याने कुठून तरी एक कागद काढून दाखवला.

नावाडीण म्हणाली, "माझ्याकडं कागद न्हाई. पर घाटावर चला, दगडाची खाच बघा."

ऊन फार होते. न्यायाधीश काही जागचे उठले नाहीत. घाट व्यापाऱ्याचा ठरला आणि नावाडणीला उतारू नेण्याची बंदी झाली.

पण राजा न्यायी आहे, असे सगळेच सांगत. राजा तरी खाच बघेल, या आशेवर ती आपली नाव वल्हवत पलीकडे गेली.

राजवाड्याच्या दारात कारभारी बसले होते. माणूस वाईट नव्हता. "बाई, खालच्या निकालावर दाद मागायची तर आधी तारण ठेवावं लागतं," ते म्हणाले. "तुम्ही हरलात, तर समोरच्याचा खर्च कुठून भरून द्यायचा? पूर्वी लोक उगाच इथवर यायचे आणि समोरच्याला वर्षानुवर्षं झुलवायचे. म्हणून महाराजांनी हा नियम केला."

नियम शहाणपणाचा होता. असले नियम शहाणपणाचेच असतात, तोच तर त्रास आहे.

"माझ्याकडं ह्या नावेबिगर काय हाय, दादा?"

"मग नाव ठेवा."

शिपायांनी नाव काठावर ओढली आणि वडाखाली पालथी घातली. सुनावणी पौर्णिमेला होती. तोवर घरी जाणे भाग होते, कारण शेळ्या बांधलेल्या होत्या. नदीवर आता एकच नाव उरली होती. नावाडीण व्यापाऱ्याच्या नावेत बसली आणि चारचौघांसारखी ओंजळभर नाचणी भाडे म्हणून दिली. जन्मात पहिल्यांदा ती ही नदी नुसती बसून ओलांडत होती. हातांचे काय करावे, ते तिला कळेना.

पौर्णिमेला ती तशीच आली. राजाने तिला पुढे बोलावले. खाचेची गोष्ट सांगायला तिने तोंड उघडले, तोच व्यापारी हात जोडून म्हणाला, "महाराज, खाच नंतर बघू. बाई आज इकडे कशातून आल्या, तेवढं विचारा."

"ह्यांच्या नावेतनं," ती म्हणाली.

"भाडं दिलंत?"

"दिलं. मागच्या खेपेलाबी दिलं."

"ऐकलंत, महाराज? घाट माझा नसता, तर मला भाडं कशाला दिलं असतं? माझा हक्क बाईंनी स्वतःच मान्य केलाय."

राजाला वाईट वाटले, अगदी मनापासून वाटले. "बाई, असं करायला नको होतंस," तो म्हणाला.

"महाराज, माझी नाव तुमच्याच वडाखाली पालथी पडलीया. मी यायचं तरी कशातनं?"

राजाने कारभाऱ्यांकडे पाहिले. कारभाऱ्यांनी नियमांची पाने उलटली. त्यात याचे उत्तर नव्हते. तिची दाद फेटाळली गेली आणि व्यापाऱ्याच्या खर्चापोटी नाव त्याला मिळाली. खाच बघायला कुणीच गेले नाही.

संध्याकाळी वडाखालची नाव सरळ करून पाण्यात ढकलली गेली. व्यापाऱ्याचा गडी वल्ही घेऊन बसला. वल्ह्यांच्या मुठी तिच्याच तळव्यांनी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. नावाडीण काठावर बराच वेळ उभी राहिली. घरी जायला दुसरी वाट नव्हती.

"बसा, मावशी," गडी म्हणाला. मग जरा ओशाळून त्याने हात पुढे केला. "भाडं आधी द्यावं लागतं."

तिने पदराची गाठ सोडली.

तात्पर्य: न्यायाच्या दारात शिरण्यासाठी ज्याला आपले पायच काढून ठेवावे लागतात, त्याच्यासाठी ते दार उघडे असूनही बंदच असते.