सिंह उतरवलेली गाडी

फार जुन्या काळची गोष्ट. एका डोंगराळ राज्यात लोकांना कळसूत्री यंत्रांचं भारी वेड होतं. दोघं भेटले की चाकं आणि दोऱ्यांच्या गप्पा सुरू होत, आणि ज्याला यातलं काही कळत नसे तोही समजल्यासारखी मान डोलावी.

दरवर्षी वसंतात राजवाड्यासमोरच्या चौकात विद्यार्थ्यांची स्पर्धा भरे. नियम साधा होता. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या यंत्राने पाण्याने भरलेली घागर चौकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाच्या ओट्यापर्यंत न्यायची. एकदा नगारा वाजला की यंत्राला कोणी हात लावायचा नाही. हात लागला की यंत्र बाद.

डोंगराच्या पायथ्याशी एका वृद्ध गुरुजींची शाळा होती. मुलं हुशार होती, हात कसलेले होते, आणि तरी त्यांचं यंत्र आजवर एकदाही ओट्यापर्यंत पोचलं नव्हतं. यंदाही ते अडलं तर शाळा बंद होईल, असा राजाचा निरोप आला होता. मुलगे दुसऱ्या शाळांत गेले असते. त्यांच्यातली सगुणा नावाची मुलगी मात्र कुठेच गेली नसती, कारण मुलीला शिकवणारी शाळा राज्यात ही एकच होती. शाळा बंद झाली की हातातली पटाशी कायमची खाली ठेवावी लागणार, हे तिला कळत होतं आणि ते तिला मुळीच मान्य नव्हतं.

आता यंत्र का अडायचं ते सांगतो. शाळेत एक रीत होती. प्रत्येक विद्यार्थ्याने यंत्रावर आपल्या हातची एक तरी वस्तू बसवायची. नाही बसवली तर त्याने गुरूचा मान ठेवला नाही असं समजत. मग कोणी घंटा बसवी, कोणी मान हलवणारा हंस. केरबा हा सगळ्यांत कुशल विद्यार्थी. त्याचा मोर चाकांच्या तालावर पिसारा फुलवी. आणि सगळ्यांच्या पुढे असे सिंहाचं मोठं तोंड, खुद्द गुरुजींनी तरुणपणी कोरलेलं. त्याखालची गाडी अगदी सरळ होती. उंच चौकटीत टांगलेला दगड हळूहळू खाली येई, त्याची आसाला गुंडाळलेली दोरी उलगडे आणि चाकं फिरत. पण एवढा सगळा गोतावळा ओढताना त्या दगडाचा जीव मेटाकुटीला येई.

सगुणाने हे बोलून दाखवलं तेव्हा केरबा भडकला. मोर काढला तर यंत्रात माझं काय उरलं, असं त्याने विचारलं. बाकीच्यांचंही तेच. प्रत्येकाला दुसऱ्याची वस्तू नको होती आणि स्वतःची हवी होती.

सगुणाने वाद घातला नाही. तिचं स्वतःचं एक फिरतं कमळ गाडीवर होतं. त्यावर तिने कितीतरी महिने घालवले होते. सगळ्यांसमोर तिने त्याचे खिळे उपसले आणि कमळ बाजूला ठेवलं. तिला वाईट वाटलं, पण ती तिथे थांबली नाही. ती गुरुजींसमोर जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, सगळ्यांत जड तुमचा सिंह आहे," ती म्हणाली.

गुरुजींनी सिंहावरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी हातोडी मागितली आणि सिंह स्वतःच उतरवला. त्यांच्या मनाला ते लागलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"माझा मान ठेवता ठेवता माझी शाळा बुडते आहे," ते म्हणाले. "उतरवा सगळं."

सगळ्यांत शेवटी मोर उतरला. केरबाने सगुणाशी बोलणं सोडलं.

राहिली चाकं, चौकट, दोरी आणि दगड. सगुणाने गुरुजींची परवानगी घेऊन नवी रीत सुरू केली. आता प्रत्येकाने गाडीवर काही बसवायचं नाही. गाडीच्या वाटेत अडचण आणायची. एकाने वाटेवर खडी पसरली, एकाने दोरी भिजवली. केरबाला तर राग काढायची संधीच मिळाली. त्याने असा खड्डा खणला की गाडी तोंडावर आपटली आणि घागर फुटली. सगुणाने पुढची चाकं मोठी केली. केरबाने खड्डा आणखी खोल केला. तिने चाकं आणखी मोठी केली. घागरींवर घागरी फुटत राहिल्या आणि गावचा कुंभार भलताच खूश झाला. शेवटी एके दिवशी केरबा कोणी न सांगता चाक तासायला बसला. एवढ्या खटपटीनंतर ती गाडी त्याचीही झाली होती.

स्पर्धेच्या दिवशी चौक माणसांनी फुलून गेला. एका शाळेचा हत्ती सोंड हलवत निघाला आणि सोंडेची दोरी चाकात गुंतून अडला. दुसऱ्या शाळेची अप्सरा सुरेख नाचली, पण जागच्या जागीच. मग सगुणाची गाडी आली. यंत्र मागून येतंय का, असं कोणीतरी विचारलं आणि लोक खो खो हसले. केरबाचे कान लाल झाले.

नगारा वाजला. गाडी सावकाश चालू लागली. चौकाच्या मध्यावर एक फरशी खचलेली होती. पुढचं चाक नेमकं तिच्यात उतरलं, घागर कलली आणि गाडी थांबते की काय असं झालं. केरबाचा हात नकळत पुढे गेला. सगुणाने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"लावू नकोस. याहून वाईट खड्डे तू तिला दाखवले आहेस."

दोरी ताणली गेली. चाक फरशीच्या कडेवर चढलं, गाडी सरळ झाली आणि जशी निघाली होती तशीच सावकाश जाऊन ओट्याला टेकली. क्षणभर टाळ्याही पडल्या नाहीत, कारण पाहण्यासारखं त्यात काही नव्हतंच. राजा स्वतः उठून आला. घागर अजून भरलेलीच होती. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि गुरुजींना विचारलं, "हिच्यावर तुमच्या हातची एक खूणही नाही. यात तुमचं काय?"

"ती पोचली, महाराज," गुरुजी म्हणाले. "तेवढं आमचं."

शाळा टिकली. पुढे सगुणा तिथेच शिकवू लागली, आणि तिच्या वर्गात डोंगरापलीकडच्या मुलीही येऊ लागल्या.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ज्याला काम तडीस न्यायचं आहे, त्याने कामात आपण किती दिसतो हे बघत बसू नये.