एकच उदाहरण पुरे

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची गणिताची तोंडी परीक्षा होती. बाहेरगावाहून आलेले परीक्षक हुपरीकर सर असे, की ते नुसते खाकरले तरी पोरं पाढे विसरायची. आधीची पाच जणं रडवेली होऊन बाहेर आली आणि वैजयंता गुंजाळची पाळी आली. इथं नापास म्हणजे अख्खं वर्ष बुडालं. ती आत गेली आणि खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहिली.

"या कॉलेजातून शिकून गेलेल्या एकालाही गणित येत नाही!" सर कडाडले. "हे विधान खोटं आहे असं सिद्ध कर, पास करतो. नाहीतर पुढच्या वर्षी ये."

वैजयंतानं खडू खाली ठेवला.

"सर, 'एकालाही नाही' हे खोडायला एकच उदाहरण पुरतं ना?"

"पुरतं की! आण शोधून."

"जिन्यातल्या गुणवंतांच्या फलकावर ब्याण्णव सालचं पहिलं नाव आपलंच आहे, सर. आपल्याला गणित येतं की नाही, तेवढं आपणच सांगा."

'येतं' म्हणावं तर पोरगी पास, 'नाही' म्हणावं तर इतकी वर्षं पगार कशाचा घेतला? हुपरीकरांनी मुकाट्यानं गुण भरले आणि पुढच्याला हाक मारायला शिपायाला सांगितलं, तेही हळू आवाजात.