धुरपीचा चर

कालवलीच्या खाडीवर पूल नव्हता, आणि पूल होईल असं कुणी म्हणालं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं, त्या काळातली, फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मी सांगतो तशी ऐका. मध्ये कुणी "हे कसं शक्य आहे?" म्हणायचं नाही. शक्य नव्हतं, म्हणून तर गोष्ट झाली.

भरतीला कालवलीची खाडी पाण्यानं गच्च भरायची आणि होड्या इकडून तिकडे सुखानं जायच्या. ओहोटी लागली की पाणी जे जाई ते जाईच. मागे उरायचा नुसता गाळ, कमरेइतका, काळा, लोण्यासारखा मऊ. त्यात होडी चालेना आणि माणूस उतरला तर रुतून बसे. डोंगरातून वळसा घालून पलीकडच्या सडेवाडीला जायचं तर उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाला. आणि सुईण होती ती सडेवाडीला. आता पोराला जन्मायचं असलं, तर ते काय भरती-ओहोटी बघून येतं?

म्हणून कालवलीच्या लोकांनी फळ्या काढल्या. उंडीच्या लाकडाच्या, पुरुषभर लांब, वीतभर रुंद, पुढून होडीच्या नाळेसारख्या वर उचललेल्या. त्या काथ्यानं पायांना बांधायच्या. हातात दोन बांबूच्या काठ्या, काठ्यांच्या टोकाला करवंट्या, म्हणजे काठी गाळात शिरत नाही. आणि मग एक पाय पुढे, दुसरा पाय पुढे, सरसर घसरत जायचं. बाया तशाच जाऊन कालवं, तिसऱ्या असले शिंपले काढून आणत. पण ओहोटीत पलीकडे जाऊन सुईण आणायचं काम गावातल्या एकाच माणसाकडे असे. त्याला ओहोटीचा वाटाड्या म्हणत. जाखमातेच्या देवळाची एक मानाची फळी होती, ती त्याच्या दारावर लटकायची.

ती फळी रावजीच्या दारावर होती. त्याच्या बापाच्या दारावर होती, आजाच्याही होती. धुरपी ही रावजीची मुलगी. सोळा वर्षांची, काटकुळी, आणि एक नंबरची हट्टी. ती गाळावरून गेली तर खाली खेकड्यांना पत्ता लागत नसे, असं म्हणतात.

पण आदल्या वर्षी काय झालं, तर गावातल्या बाबलची आई बाळंतपणात अडली. रावजी फळ्या बांधून निघाला आणि मधल्या गाळात त्याचा गुडघा निखळला. तो हातांवर सरपटत पलीकडे गेला. सुईण भरतीच्या होडीनं आली तेव्हा बाई गेली होती आणि पोरही गेलं होतं. रावजीला कुणी तोंडावर काही बोललं नाही. मात्र बाबलच्या घरच्या माणसांनी त्या दिवसापासून रावजीच्या घरचं पाणी प्यायचं सोडलं. रावजीनं फळी दारावरून काढली आणि स्वतःच्या हातानं देवळात नेऊन ठेवली. मग तो ओसरीवर बसला तो बसलाच. बापाची ती दशा धुरपीला बघवेना. ती फळी परत आपल्या दारावर आणायची, एवढंच तिच्या मनात बसलं.

नवा वाटाड्या ठरवायचा तर गावाची रीत होती. कार्तिक, मार्गशीर्ष आणि पौष, या तीन पुनवांना पहाटेच्या ओहोटीला शर्यत लागायची. देवळाच्या पायरीवरून निघायचं, खाडीच्या मध्यावर खांब रोवलेला असे त्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. पहिल्या दोन ओहोट्या म्हणजे अंगाची आणि लाकडाची पारख. तिसऱ्या ओहोटीला जो पहिला येईल, त्याच्या दारावर फळी. त्या वर्षी सहा जण उतरले. त्यात धुरपी होती आणि बाबलही होता, आणि त्याला वाटाड्या का व्हायचं होतं ते सांगायला नको. आपली आई गेली तशी कुणाची जाऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं. खोटं कुठे होतं?

पहिल्या ओहोटीला धुरपी बाणासारखी सुटली. कोऱ्या गाळात तिनं चर पाडला आणि पुढेच राहिली. खांब तिनंच पहिला ओलांडला, परत निम्म्या वाटेवर आली, आणि तिच्या मांड्या भरून आल्या. बाबल इतका वेळ तिनं पाडलेल्या चरातून मागे मागे येत होता. चर एकदा दाबला गेला की त्यात पाणी झिरपतं आणि फळी आपोआप पळते. देवळाच्या पायऱ्या दिसायला लागल्या तशी त्यानं चर सोडला, तिच्या बाजूनं गेला आणि पायरीला हात लावला. धुरपी दुसरी आली. घरी येऊन ती चुलीपाशी तोंड फिरवून बसली. तेव्हा रावजी वर्षभरात पहिल्यांदा आपणहून बोलला. म्हणाला, "पुढं जाणाऱ्याला गाळ आणि मागनं येणाऱ्याला वाट, हे असंच असतं, पोरी. तू मागनं जायला शीक."

ती शिकेल तर ना! दुसऱ्या ओहोटीला तिनं ठरवलं की आपण इतकं गुळगुळीत जायचं की मागच्याला आपण दिसायलाच नको. गावात फळ्यांना मोरी माशाच्या काळजाचं तेल लावत. त्या तेलाचा वास असा की लावणाऱ्याच्या शेजारी कुत्रंही बसत नाही. धुरपीला त्याची किळस होती. कार्तिकात तिनं घरचं खोबरेल लावलं होतं आणि फळ्या छान पळाल्या होत्या. मार्गशीर्षात तिनं तेच लावलं, जरा जास्तच लावलं. पण ती पहाट कडक थंडीची. बाटलीतलं खोबरेल थंडीत काय होतं ते तुमच्या घरात बघा. फळ्यांखाली तेल थिजलं, थिजलेल्या तेलाला गाळ चिकटला, आणि पन्नास पावलांत धुरपीच्या पायाखाली फळ्या नव्हत्या, दोन मडकी होती. ती सगळ्यांत शेवटी आली, खांबाला न पोचताच. काठावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. फळ्यांची वेणी पण घालायची होतीस, असं एकीनं सुनावलं. ते गावभर झालं.

त्या दिवशी ती रडली. रडून झाल्यावर तिनं मोरीच्या तेलाचं बुधलं काढलं आणि बापापुढे ठेवलं. रावजीनं फळी मांडीवर घेतली आणि तेल कसं चोळायचं ते दाखवायला लागला. आधी विस्तवावर कोमट करायचं, मग तळहातानं लाकडाच्या रेषेरेषेनं जिरवायचं. महिनाभर बापलेक रोज संध्याकाळी तेच करत बसत. त्या महिन्यात त्यांच्या घरी कुणी फिरकलं नाही, वासानं. आणि रावजी ओसरीवरून उठून अंगणात आला, हे कुणी बघितलंच नाही.

पौषाची पुनव आली. त्या पहाटे ओहोटी इतकी खोल लागली की खाडीच्या पोटातले जुने नांगर उघडे पडले, असं म्हणतात. या वेळी बाबल पुढे आणि धुरपी त्याच्या मागे, त्याच्याच चरात. तिच्या फळ्यांचा आवाज येत नव्हता. खांबाशी दोघं एका दमात पोचली. बाकीचे चौघे मागे राहिले होते. आता वळायचं, देवळाकडे तोंड करायचं आणि शेवटच्या टप्प्यात चर सोडून पुढे जायचं. बाबलनं तिला कार्तिकात जे केलं तेच ती त्याला करणार होती, आणि तिच्या अंगात तेवढा जोर शिल्लक होता. मानाची फळी जवळजवळ तिच्या दारावर होती.

आणि देवळातून शंख वाजला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

तीन शंख म्हणजे बाई अडली. त्या महिन्यात गावात पोटुशी बाई एकच होती, बाबलची थोरली बहीण सुबी. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. दिवस भरायला अजून अवकाश होता. बाबलचं तोंड राखेसारखं झालं. त्यानं देवळाकडे पाठ केली आणि सडेवाडीच्या दिशेनं उडी घेतली.

पण खांबापलीकडचा गाळ कोरा होता. तिथे शर्यत जात नसे आणि कालवं काढायलाही कुणी जात नसे. बाबल ताकदीचा होता, पण त्यानं खोल गाळात चर कधी पाडला नव्हता. त्या पहाटेची शर्यत सोडली तर तो नेहमी कुणाच्या तरी मागून गेलेला. दहा पावलांत त्याच्या फळीचं नाक खाली गेलं. त्यानं ओढून काढलं, तर दुसरी रुतली. तो मांडीपर्यंत आत गेला आणि काठ्या आपटायला लागला.

धुरपीनं एकदा मागे देवळाकडे बघितलं. बघितलं हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. तिनं स्वतःच पुढे लोकांना सांगितलं की मी बघितलं होतं. मग ती बाबलच्या बाजूनं पुढे गेली आणि म्हणाली, "बाबल्या, आपटू नको. माझ्या चरातून ये."

गाळ कसा वाचायचा ते तिला ठाऊक होतं. जिथे चकाकतो तिथे खोल, जिथे खेकड्यांची भोकं दाट तिथे घट्ट. ती वाकडीतिकडी गेली, पण थांबली नाही. मागच्या चौघांना तिनं ओरडून सांगितलं की तुम्ही घरी फिरा, सहा जणांच्या फळ्यांनी चर मोडेल. बाबल तिच्या चरातून आला. सडेवाडीच्या काठाला दोघं लागली तेव्हा सूर्य उगवत होता.

सुईण रखमाय म्हातारी झाली होती, पण अंगानं बेताची. फळ्यांवर उभं राहणं तिला जमणार नव्हतं. मग तिच्या घरातली मोठी लाकडी काथवट काढली, तिला उरलंसुरलं तेल फासलं, म्हातारीला त्यात बसवलं आणि दोरीनं बाबलनं ओढली. रखमाय पुढे आयुष्यभर सांगायची की मी भाकरीच्या पिठासारखी खाडी ओलांडली. धुरपी पुढे, येतानाचा चर पुन्हा दाबत, आणि मागून काथवट.

तिघं निम्म्यावर आली आणि ओहोटी फिरून भरती लागली. पाणी फिरताना दिसत नाही, आधी ऐकू येतं. गाळावर पाणी चढलं की फळी तरंगते, भरकटते आणि माणूस उलटतो. बाबलनं पाणी ऐकलं आणि तो जागीच थांबला. इथेच गेल्या वर्षी रावजी पडला होता. धुरपीनं मागे न बघता सांगितलं, "दोरी सोडू नको. पाणी माझ्या ओळखीचं आहे."

आणि काय सांगू तुम्हाला! पाणी आलं, पण ते खाडीभर पसरलं नाही. ते आधी धुरपीच्या चरात शिरलं. दोन्ही बाजूंना कोरडा गाळ आणि मधे चरातून पाण्याची धार, पाटाचं पाणी वाफ्यात सोडावं तशी. त्या धारेनं काथवट उचलली, बाबलला उचललं आणि देवळाच्या पायरीला नेऊन लावलं. खाडीनं तेवढा वेळ श्वास धरला होता, असं म्हणतात. काठावर रावजी गुडघाभर पाण्यात उभा होता. त्यानं लेकीच्या पायांच्या गाठी सोडल्या, आणि त्याला रडू आवरेना.

रखमाय बाबलच्या घरात सुबीपाशी गेली. थोड्या वेळानं पोर रडलेलं ऐकू आलं, आणि पाठोपाठ सुबीनं पाणी मागितलेलं.

मग निवाडा आला. शर्यत तर झाली होती. मागे फिरलेल्या चौघांत गंगाजी पहिला पोचला होता. तांडेल हा गावाचा म्होरक्या, रीतीला पक्का. त्यानं गंगाजीला बोलावलं. गंगाजी म्हणाला की मला ती फळी नको, मी तर भरतीच्या भीतीनं पळत होतो. तेव्हा तांडेलानं बाबलला विचारलं की खांब तू पहिला गाठलास, मग परत येताना काय झालं, कुणाच्या मागून आलास? रावजीनं मान खाली घातली.

बाबल म्हणाला, "धुरपीच्या मागून आलो. आणि कार्तिकातही तिच्याच मागून आलो होतो. तेव्हा बोललो नाही."

मानाची फळी बाबलनं स्वतः खांद्यावर घेतली आणि रावजीच्या दारावर टांगली. टांगून झाल्यावर तो ओसरीवर बसला आणि त्यानं प्यायला पाणी मागितलं. रावजीनं तांब्या इतका काठोकाठ भरून आणला की निम्मा वाटेतच सांडला.

त्यानंतर चाळीस वर्षं धुरपी ओहोटीची वाटाडी होती. तिच्या काळात कालवलीत एकही बाई वाटेअभावी गेली नाही, असं म्हणतात. शेवटी म्हातारपणी एका पुनवेला ती एकटीच फळ्या बांधून निघाली. तिचा चर खांबापर्यंत गेला, खांबापासून समुद्राकडे वळला आणि सरळ गेला. लोकांनी त्याच्या काठाकाठानं बघितलं, पण चराचं टोक कुणाला सापडलं नाही.

आता खाडीवर पूल आहे. सडेवाडीला जायला इतका वेळ लागतो की विडी पेटवावी आणि विझवावी. तरी पौषाच्या पुनवेला कालवलीची पोरं आणि पोरी पहाटे फळ्या बांधतात. सगळ्यांच्या आधी एक जण निघतो, ज्याला शर्यतीत भाग घ्यायचा नसतो. तो नुसता चर पाडतो आणि बाजूला होतो, आणि देवळातला नारळ पहिला त्याला देतात. कुणा पोरीनं नको त्या वेळी भलतंच काही केलं तर बाया अजून म्हणतात, खोबरेल लावलंस का गं?

आणि पहिला येणारा पायरीला हात लावतो, तेव्हा तिथे बसलेला म्हातारा त्याला विचारतो, "कुणाच्या मागून आलास?" तो सगळ्यांच्या पुढे आलेला असतो, त्याच्यापुढे अख्ख्या खाडीत कुणी नसतं. तरी त्याला उत्तर द्यावंच लागतं, त्याशिवाय फळी मिळत नाही.

"धुरपीच्या मागून."