सिदबाला पोचलं

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण आमच्या पाणशेंद्रे गावात प्रत्येक म्हातारा वेगळा आकडा सांगतो, आणि प्रत्येकाचा आजा तेव्हा तिथं जातीनं हजर असतो. नदीवर पूल नव्हता, कुणाच्या घरात घड्याळ नव्हतं. भैरोबाच्या देवळात सिदू गुरवानं सनईला तोंड लावलं की गावाची सकाळ व्हायची.

त्याचा पहिला सूर फार लांब चालायचा. असं म्हणतात की सूर सुरू झाल्यावर बाया जात्याशी बसायच्या आणि तो संपेपर्यंत पायलीभर दळण उरकायच्या. एवढं काही खरं नसेल. पण माझी थोरली आत्या हे सांगताना असा चेहरा करायची की शंका काढायची आमची छाती व्हायची नाही.

सिदू बुटका, हसरा आणि भिडस्त होता. या भिडस्तपणानंच त्याचा घात केला. देवाला दाखवलेला नैवेद्य गुरवाचा, ही रीत सगळीकडेच आहे. आमच्या गावानं तिला आणखी शेपूट जोडलं होतं. देव काही तोंड उघडून जेवत नाही, तेव्हा गुरवानं खाल्लं तरच देवाला पोचलं, असा सगळ्यांचा पक्का समज. त्यामुळे बाया ताट ठेवून घरी जायच्याच नाहीत. खांबाआड उभ्या राहून सिदूनं आपल्या ताटातलं किती खाल्लं ते बघायच्या. कुणाची पुरणपोळी उरली तर तिचा चेहरा उतरायचा, आणि उतरलेला चेहरा सिदूला बघवायचा नाही. मग तो आणखी एक पोळी घ्यायचा, तिच्यावर कटाची झणझणीत आमटी, तिच्यावर भजी. अमावास्या, पौर्णिमा, सण, नवस असं वर्षभर चालायचं. गावाची माया होती ती, दुसरं काही नव्हतं.

व्हायचं ते झालं. सिदूच्या छातीत आग पडली. जेवून आडवा झाला की आंबट पाणी घशाशी यायचं, दात आंबायचे, आणि बिचारा भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या काढायचा. असं म्हणतात की त्याच्या छातीवर पापड ठेवला तर भाजून निघायचा. एकदा तो उघड्या अंगानं कडब्याच्या गंजीला टेकला आणि गंजीतून धूर निघाला, असंही म्हणतात. तो टेकला होता ती जागा मला लहानपणी दाखवली होती. गंजी अर्थातच दुसरी होती.

आगीचं त्याला एवढं वाटलं नसतं, पण ती सनईपर्यंत पोचली. सूर ऐन मध्यावर आला की घशाशी जळजळ उसळायची आणि सूर मोडायचा. जत्रेच्या दिवशी तर सिदूचा लांब सूर लागल्याशिवाय भैरोबाची पालखी पायरी उतरत नसे. त्या वर्षी सूर तीनदा मोडला आणि पालखी तीनदा खाली टेकली. पाटील भला माणूस होता. त्यानं सिदूला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की पुढच्या चैत्रापर्यंत बघू, नाही जमलं तर शेजारच्या गावचा गुरव बोलवू. सनई गेली तर सिदूजवळ उरणार काय? तो त्या दिवशी देवळामागं जाऊन रडला.

मग उपाय सुरू झाले. ते करताना सिदूनं एक शहाणपण केलं. जो उपाय सांगतील तो महिनाभर करायचा आणि पहाटेच्या सुरावर पारखायचा, असं त्यानं ठरवलं. त्यामुळे कुठला उपाय कसा लागू पडतोय ते अंथरुणात पडल्या पडल्या सगळ्या गावाला कळायचं.

पहिल्या महिन्यात देवऋष्याचा अंगारा झाला. सूर होता तिथंच राहिला. दुसऱ्या महिन्यात तालुक्याच्या डॉक्टरांनी पांढरी पूड दिली. ती पाण्यात टाकली की फसफसायची आणि घोटासरशी आग विझायची. सिदू हरखून गेला. पण पहाटे सुरामध्येच ढेकर आला, सनईतून असा काही आवाज निघाला की बांधलेल्या म्हशी दावी तोडून पळाल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की ही पूड अडीनडीची आहे, रोजची नाही. ते ऐकायला सिदूचे कान जाग्यावर नव्हते. तिसऱ्या महिन्यात चुन्याची निवळी घेतली, तिनं छाती निवली पण पोट दगडासारखं झालं. मोठ्या शहरात म्हणे पोट उघडून शिवतात, अशीही एक वार्ता कुणीतरी आणली. सिदूनं दोन दिवस विचार केला. मग म्हणाला, सनईला भोक पडलं तर बुजवता येतं, पण बुजवलेली सनई पुन्हा तशी वाजत नाही.

शेवटी तो नदीपलीकडच्या नारोपंत वैद्यांकडे गेला. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि बराच वेळ नुसतं बोलतं केलं. शतावरीचं तूप दिलं, मोरावळा दिला. बाजेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवायला सांगितल्या, म्हणजे पोटातलं पाणी वर चढणार नाही. दिवेलागणीच्या आत जेव आणि अर्ध्या पोटी ऊठ, असं सांगितलं. सिदू निघाला तेव्हा ते म्हणाले, "औषध माझं आठ आणे, राहिलेले आठ आणे तुझे. तू ताटाला नाही म्हणायला शिकला नाहीस तर माझं तूप म्हणजे फुटक्या घागरीत पाणी."

सिदूनं तूप घेतलं, विटा ठेवल्या, दिवेलागणीला जेवू लागला. सूर पुष्कळ सुधारला. आठवडाभर नीट जायचा, मग कुणाचा तरी नवस फिटायचा आणि पुन्हा सगळं घशाशी यायचं. विटा ठेवणं सोपं होतं. नाही म्हणणं त्याच्या जिवावर येई.

चैत्र आला. जत्रेला देवापुढं बेचाळीस ताटं मांडली गेली. बाहेर भोई पालखीच्या दांड्याला खांदा लावून उभे, आणि शेजारच्या गावचा गुरव नवी सनई घेऊन पारावर बसलेला. पाटलानं त्याला बोलावून ठेवलं होतं. सिदू पहिल्या ताटापुढं बसला. ते पाटलीणबाईंचं होतं. त्यांच्या सुनेच्या कुशीसाठी नवस बोललेला, म्हणून ताटात सव्वीस पुरणपोळ्यांची चवड होती. सिदूच्या घशाशी वासानंच पाणी आलं.

रांगेच्या शेवटाला चिमाक्का उभी होती. गावात सगळ्यात म्हातारी बाई, तिच्या हातात दुधातल्या कण्यांची एक वाटी, बस. ती आपल्या जाग्यावरूनच बोलली.

"सिदू, देव नजरेनं जेवतो रं लेका. तुला पोटानं जेवावं लागतंय."

सिदूनं हात उचलला आणि पाटलीणबाईंच्या ताटावर आडवा धरला. पाटलीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "माझं ताट मागं फिरलं तर माझा नवस मागं फिरला, सिदू."

"फिरत न्हाई, वैनी," सिदू म्हणाला. "शितावरनं भाताची परीक्षा व्हती. मग देवाला तुमचं मन एका शितात कळंना व्हय?"

त्यानं ताटातल्या भाताचं एक शीत उचललं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "पोचलं."

मग तो दुसऱ्या ताटाकडं गेला. एक शीत, पोचलं. तिसरं, पोचलं. अशी बेचाळीस शितं झाली. चिमाक्काची वाटी मात्र त्यानं सगळी संपवली. बायांनी रडून घेतलं, हसून घेतलं, आणि ताटं उचलून जत्रेला आलेल्या वाटसरूंना वाढली.

त्यानंतर सिदूनं सनई उचलली. असं म्हणतात की तो सूर पायरीवर सुरू झाला आणि पालखी नदीपर्यंत पोचली तरी संपला नाही. उडालेले पारवे जागच्या जागी तरंगत राहिले. नदी थबकली, आणि भोई कोरड्या पायांनी पलीकडं जाऊन आले. पारावरच्या पाहुण्या गुरवानं आपली सनई गवसणीत घातली आणि सिदूचे पाय धरले.

पुढच्या वर्षी पाटलांकडं पाळणा हलला. तो एका शितानं हलला की सुनेनं घेतलेल्या नारोपंतांच्या काढ्यानं, यावर आमच्याकडं अजून वाद होतो.

सिदूची आग मात्र गेली नाही. हे सांगितलं की मुलं हिरमुसतात, पण तसंच आहे. सिदूचा सिदबा झाला, तशी तीही त्याच्यासोबत म्हातारी झाली. शहाण्यासारखा राहिला की झोपायची, चुकला की उठायची. कोनाड्यात डॉक्टरांची पूड असायची, अडीनडीला. तो त्या आगीबद्दल कौतुकानं सांगायचा, घरातल्या खाष्ट सासूबद्दल सांगावं तसा.

आता पूल झाला, पहाटे देवळात भोंग्यावर सनई लागते. ती छान आहे, पण तिच्यात कुणाचा श्वास नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. जत्रेला मात्र सिदूचा पणतू एसटीतल्या नोकरीतून रजा काढून येतो, बेचाळीस ताटांतलं एकेक शीत घेतो आणि मग सूर लावतो. पालखी तोवर हलत नाही. आमचा सुतार अजून बाज करताना विचारतो, साधी की सिदबाची? सिदबाची म्हणजे उशाकडून दोन विटा उंच.

मीही आता खिशात गोळ्या ठेवतो. शहरातल्या लग्नांत पानावर हात आडवा धरला की वाढणारे बोटांवरूनच तूप सोडतात, आमच्यासाठी एवढं तरी, म्हणतात. मी खातो आणि अर्धी झोप बसून काढतो. अशा वेळी गावच्या पंगती आठवतात. तिथं लेकराचा असो, म्हाताऱ्याचा असो, हात आडवा झाला की वाढपी थांबतो. कारण विचारत नाही, रुसत नाही. "सिदबाला पोचलं," एवढंच म्हणतो आणि पुढच्या पानाकडं जातो.