धूसर कॅसेट

व्हीसीआरच्या काळातली गोष्ट. शेवंताबाईंचं दारूबंदीचं भाषण एका कॅसेटवर होतं. त्यांच्या मुलाने दोन व्हीसीआर जोडून तिची नक्कल काढली आणि मूळ कॅसेट कपाटात जपून ठेवली.

"किती धूसर झालीस गं. बाई ओळखू तरी येतात का?" मूळ कॅसेट म्हणाली.

"आवाज येतो, ताई. मला गावोगावी जायचंय," म्हणत नक्कल निघाली.

काही वर्षांनी बाई वारल्या. मुलाने कपाट उघडलं, तर मूळ कॅसेटच्या फितीवर बुरशी चढलेली.

"आईचा आवाज गेला," तो म्हणाला.

समाचाराला गावोगावच्या बायका आल्या होत्या. त्यातल्या एकीने पिशवीतून नक्कल काढली. "ही लाव, बाबा."

चेहरा दिसेना. आवाजही मध्येच तुटला, तेव्हा पुढचं वाक्य जमलेल्या बायकांनीच पूर्ण केलं.