सिदोजीसाठी रिकामी केलेली जागा

माणिकपेठ नावाच्या मोठ्या शहरात हरबाशेठ नावाचे एक व्यापारी राहत. शहराचा हुतुतूचा संघ ते पदरमोड करून सांभाळत. माणिकपेठेसारखे मैदान साऱ्या मुलखात नव्हते. नव्हता तो फक्त विजय. वर्षानुवर्षे संघ हरत होता आणि दर जत्रेचे सामने संपले की हरबाशेठ खालमानेने घरी येत.

त्या मुलखात अशी रीत होती, की पाडव्याला खेळाडूंचे करार संपत. मग ज्याला ज्या गावाकडून खेळायचे, तिकडे तो जाई. दर पाडव्याला हरबाशेठ नामांकित खेळाडूंकडे आपली माणसे पाठवत.

"एवढं मोठं शहर, एवढं मोठं मैदान," ते म्हणत, "इथं नाही येणार तर जाणार कुठं?"

पण कुणी येत नसे. कुणी आईच्या आजारपणाचे कारण सांगे, कुणी नुसताच हसे. मग तेच खेळाडू एखाद्या आडगावाकडून खेळत आणि माणिकपेठेला धूळ चारून जात. शेठजींचे अन्नावरून मन उडाले. संध्याकाळी मैदानावरून जाताना ते तिकडे बघतही नसत.

अशात एका पाडव्याला निरोप आला, सिदोजी येतो म्हणतोय! सिदोजी म्हणजे त्या काळचा सगळ्यांत नावाजलेला चढाईपटू. तो समोरच्यांच्या अंगणात शिरला की दोघातिघांना बाद करूनच परते. शेठजींना काय करू नि काय नको, असे झाले. संघाचा नायक तुळाजी पिकल्या मिशांचा होता, त्याचा एक खांदा कायमचा उतरलेला होता. असल्या संघाकडे पाहून सिदोजीचे मन फिरले तर? शेठजींनी तुळाजीला बोलावून घेतले.

"तुळाजी, तुझं वय झालं. सिदोजीसाठी जागा करायला हवी. उद्यापासून येऊ नकोस."

"गड्यांना सांगून जाऊ का?" तुळाजीने विचारले.

"नको. उगाच रडारड होईल."

तो मागच्या दाराने निघून गेला.

सिदोजी आला. शेठजींनी त्याला बाजार दाखवला, मैदान दाखवले, त्याच्यासाठी सजवलेला बंगला दाखवला. सिदोजीने सगळे शांतपणे पाहिले. मग तो खेळाडूंच्या पंगतीला जाऊन बसला.

"कसं आहे इथं?" त्याने विचारले.

कुणी वाईट बोलले नाही. सगळे खाली मान घालून जेवत राहिले.

सिदोजीने इकडेतिकडे पाहिले, मग जवळ उभ्या शेठजींना विचारले, "शेठजी, तुळाजीदादा दिसत नाहीत?"

"त्याला काढला," शेठजी उत्साहाने म्हणाले. "खास तुमच्यासाठी!"

सिदोजीचा घास हातातच राहिला. "भल्याभल्यांना मला धरता आलं नाही. धरलं ते एकट्या तुळाजीदादांनी, तेही खांदा निखळलेला असताना. त्यांच्या बाजूनं एकदा खेळावं म्हणून मी आलो होतो."

तो उठला, हात धुतले, नमस्कार केला आणि उन्हातच पिंपळदरीच्या वाटेला लागला. पिंपळदरी म्हणजे चाळीसेक घरांचे गाव.

शेठजी धावत तुळाजीच्या दारी गेले. तो म्हशीला चारा घालत होता. त्याने शेठजींना घोंगडी अंथरून दिली, पाणी दिले. शेठजींनी हात जोडले. "चुकलं माझं. परत चल. तू आलास तर सिदोजीही येईल."

तुळाजी हळूच हसला. "आजही तुम्ही त्याच्यासाठीच आलात, शेठजी."

शेठजींनी जोडलेले हात खाली घेतले.

"राग नाही माझा," तुळाजी म्हणाला. "पण पकड घालताना पाठीशी आपली माणसं आहेत, असं वाटावं लागतं. आता ते वाटायचं नाही." आणि तो पुन्हा म्हशीकडे वळला.

नायकच गेला तसे बाकीचे खेळाडूही एकेक करून गेले. जत्रेच्या वेळी माणिकपेठेचा संघ उभाच राहिला नाही.

सामने मात्र माणिकपेठेच्याच मैदानावर झाले. पिंपळदरीकडून सिदोजी खेळत होता आणि सारे शहर त्याच्या नावाने ओरडत होते. हरबाशेठ आपल्या मानाच्या खुर्चीत बसून होते. शेजारी बसलेल्या परगावच्या पाहुण्याने सहज विचारले, "शेठजी, यातला तुमचा संघ कोणता?"

हरबाशेठ मैदानाकडे बघत राहिले.

तात्पर्य: जिथे आपल्याच माणसांची कदर नाही, तिथे नुसता थाटमाट पाहून कुणी गुणी माणूस येत नाही, आणि हे उमगते तेव्हा बहुधा आपली माणसेही निघून गेलेली असतात.