टाक्यावरचा लेख

फार जुन्या काळी नंदसिरी नावाच्या बाईने डोंगरातल्या भिक्खूंसाठी पाण्याचं टाकं खोदवून दिलं. त्या दानाचा लेख तिच्या नावानिशी वरच्या खडकात कोरला गेला. पुढे विहार ओस पडले, ती लिपी वाचणारं कुणी उरलं नाही. पाण्याला येणाऱ्या बायका अक्षरांनाच देवी समजू लागल्या. पहिली ओंजळ त्यांच्यावर ओतायची, ओला हात फिरवायचा, मगच घागर भरायची. लेख झिजत चालला.

त्याच खडकाच्या फटीतली घोरपड म्हणाली, "लेखोबा, अर्धं नाव गेलं की. उद्या मी फुत्कारते. एक बाई परत फिरकायची नाही."

"मग पाणी कुठून नेतील गं त्या?"

"तुला काय त्याचं? तू नाव सांभाळायला आहेस ना?"

नावाखेरीज लेखाजवळ होतं तरी काय?

"नंदसिरीने टाकं आधी खोदवलं, मला मागाहून," तो हळूच म्हणाला. "येऊ देत त्यांना."

एका उन्हाळ्यात नावाचं शेवटचं अक्षरही गेलं. कोऱ्या खडकावर ओंजळ ओतून गावातल्या नव्या सुनेने भरली घागर डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "येते हं आई. तुझं पाणी कधी आटू नये."